सातच्या बातम्या

राजधानीतून कागद येतो साडेसहाला, इंग्रजीत.
अर्धा तास मिळतो मला
तो लुओ भाषेत उतरवायला.
शब्द अवघड नसतात:
आघाडी. मोर्चेबंदी. अदृश्य शत्रू.
प्रत्येक नागरिक शिपाई.

लढाईला आमच्यात ल्वेन्य म्हणतात,
आजाराला तुओ.
कागदावर आजार कुठेच नव्हता.
इस्पितळात खाट आहे का,
साबण कुणी द्यायचा,
हे लढाईत विचारत नाहीत.
लढाईत विचारतात, रात्री बाहेर का?

आता ओग्वेनोचं सांगतो.
ओमेना हा मासा करंगळीपेक्षा बारका,
चांदीच्या खिळ्यासारखा,
आणि दिवसाउजेडी तो हाती लागत नाही.
अवस गाठावी लागते,
होडीच्या टोकाला कंदील टांगून
गप्प बसावं लागतं,
मग खोल पाण्यातून तो उजेडाला भुलून वर येतो.
हे सरोवराला माहीत आहे,
काठावरच्या मांजरांनाही माहीत आहे.
बातमीला माहीत नव्हतं.
बातमी म्हणाली: सात ते पाच, कुणीही नाही.
बातमी म्हणजे मी.
आवाज माझाच होता, जरा खर्जातला,
लढाईला शोभेल असा.

होड्या उलट्या घातल्या गेल्या.
बायकांनी वाळवणाच्या जाळ्या झटकून घड्या केल्या.
तिसऱ्या आठवड्यात शेजारची पोरं दारात आली,
रेडिओ ऐकायला नव्हे,
पातेल्याला लागलेली उगाली खरवडायला.

अवसेला ओग्वेनो गेला.
पहाटे चारला काठाशी त्याचा कंदील दिसला
आणि शिपायांना अखेर शत्रू दिसला.
इतके दिवस बिचारे
साप साप म्हणून भुई धोपटत होते,
काठ्यांना काहीतरी लागायला हवंच होतं.

आपोंदी सांगते:
त्यानं दोन्ही हात वर केले.
लढाईत असंच करतात ना, रेडिओवाल्या?
एका हातात कंदील होता.
म्हणाले, खाली ठेव.
ठेवला.
एकानं तो बुटानं विझवला
आणि मग मारलं.
कोण कुणाला मारतंय, दिसायला नको म्हणून असेल.

मासे वाळूत सांडले होते,
उजाडताच पक्षी उतरले.
कोपराचं हाड दवाखान्यात न्यायला
तिला हातगाडी मिळाली दुपारी,
आणि फाटकावरच्या माणसानं
आधी तापमान पाहिलं, मग विचारलं,
संचारबंदीत मोडला कसा?

तिनं मला एक शिवी दिली नाही.
दिली असती तर बरं झालं असतं.
एवढंच म्हणाली,
कोण जिंकतंय सध्या?
तुझ्या कागदावर लिहिलं असेल ना.

त्या संध्याकाळी मी वाचायला बसलो
आणि ल्वेन्यच्या जागी तुओ म्हणालो.
पहिल्यांदा जीभ घसरली असं समजा.
पुढच्या तीन वेळा नाही.

पण एक शब्द काढला की
बाकीची वाक्यं उभी राहीनात.
आजाराला आघाडी कुठली,
आजारात फितूर कोण,
आजाऱ्याच्या उशाशी बसायचं असतं,
कपाळावर ओलं फडकं ठेवायचं असतं,
तिथे शिपायाला कुठे बसवू?
वगळला त्याला.
मग सेनापतीही वगळला.
बातम्या सहा मिनिटं आधीच संपल्या.

काचेपलीकडे ओडेरो हातवारे करत होता.
समोर फक्त हवामानाचा कागद उरला होता,
तो वाचला:
वारा नैऋत्येकडून, मंद.
लाटा हातभर.
अवसेला अजून सव्वीस रात्री
(हे कागदावर नव्हतं).

फोन वाजू लागला.
ओडेरोनं उचलला,
उभ्या उभ्या ऐकत राहिला,
मग माझ्याकडे बघून
रिसीव्हर छातीशी धरला.

मी पुन्हा वारा वाचला.